मताधिकार मर्यादित ठेवल्याने विकसनशील देशांत स्थैर्य येते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : ज्या देशात बहुसंख्य लोक गरीब आणि अल्पशिक्षित आहेत, तेथे निदान सुरुवातीची काही दशके मताचा अधिकार साक्षर, करदाते किंवा मालमत्ताधारक यांच्यापुरता ठेवला असता, तर खिरापतीच्या राजकारणाला आळा बसून राज्य स्थिर झाले असते की नाही. त्याच्या पुष्ट्यर्थ आपण ब्रिटनमध्ये टप्प्याटप्प्याने वाढत गेलेला मताधिकार, सिंगापूर आणि लष्करशहा अयूब खानांच्या काळातील पाकिस्तान अशी तीन उदाहरणे दिली आहेत, आणि शेवटी विचारले आहे की असे बंधन तात्पुरते असेल तर हरकत काय. मी महसूल खात्यात उपजिल्हाधिकारी होतो. मतदार नोंदणी अधिकारी म्हणून याद्या केल्या आहेत आणि निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून मतमोजणीच्या टेबलांमधून फिरलो आहे. त्यामुळे माझे उत्तर राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाचे नाही, यादी करणाऱ्या माणसाचे आहे, आणि ते तसेच वाचावे.

सिंगापूरचे उदाहरण प्रथम बाजूला ठेवतो, कारण ते येथे लागूच होत नाही. तेथे १९५९ पासून मतदान सक्तीचे आहे. तेथील राजकारणावर टीका करण्यासारखे पुष्कळ असेल, परंतु मतदार कमी करून ते स्थिर झाले असे म्हणता येत नाही. ब्रिटनचा मुद्दा गंभीर आहे. त्याकडे नंतर येतो.

‘स्थैर्य’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरला आहे, आणि माझ्या मते खरी अडचण तेथेच आहे. एकच सरकार दीर्घकाळ टिकणे हा एक अर्थ. सरकार बदलले तरी राज्ययंत्रणा, कायदा आणि लोकांचे परस्परसंबंध न कोसळणे हा दुसरा. मर्यादित मताधिकाराने पहिल्या प्रकारचे स्थैर्य काही काळ मिळू शकते, हे मी नाकारणार नाही. प्रश्न दुसऱ्या प्रकाराचा आहे, आणि त्यात निर्णायक बाब मतदार किती शिकलेला आहे ही नसून हरलेला पक्ष निकाल मानून घरी जातो की नाही ही असते. तो घरी केव्हा जातो? पुढच्या वेळी आपली माणसे पुन्हा मोजली जातील, असा भरवसा त्याला असतो तेव्हा. मताधिकाराला अट लावली की हाच भरवसा पहिल्यांदा डळमळतो, कारण मग निवडणुकीचा निकाल मतपेटीच्या आधी यादीत लागतो आणि यादीची अट ज्याच्या हाती असते तो कायमचा वरचढ ठरतो.

अट कागदावर सोपी दिसते. ती अंमलात आणणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहिले की चित्र वेगळे दिसते. मालमत्तेची अट लावली असे धरा. ग्रामीण महाराष्ट्रात मालमत्तेचा पुरावा म्हणजे सातबारा. त्यावर बाईचे नाव किती ठिकाणी सापडते? एकत्र कुटुंबात कर्त्याच्या नावे खाते असते, भाऊ इतर हक्कांत किंवा तेथेही नाहीत, वारसनोंद वर्षानुवर्षे प्रलंबित, आणि प्रत्यक्ष कसणारा कूळ कुठेच नाही. म्हणजे ‘जबाबदार शेतकरी’ मतदार करावा या हेतूने लावलेल्या अटीतून प्रत्यक्षात ज्याचा फेरफार वेळेवर झाला तो मतदार होतो, आणि फेरफार कोणाचा वेळेवर होतो हे गावाला ठाऊक असते. साक्षरतेची अट लावली तर परीक्षा कोण घेणार? दाखला कोण देणार? ज्या गावात जन्माच्या नोंदीच धड नाहीत, तेथे चौथी पास असल्याचा दाखला हा शिक्षणाचा पुरावा राहत नाही, तो ओळखीचा पुरावा होतो. करदात्याची अट तर आणखी फसवी, कारण काडेपेटी विकत घेणारा प्रत्येक जण कर भरतोच. फक्त त्याची पावती त्याच्या नावाने निघत नाही. आज कोणतीही अट नसताना, केवळ नाव वगळण्यासाठी असलेल्या नमुना ७ च्या हरकती निवडणुकीच्या तोंडावर एका विशिष्ट वस्तीच्याच कशा येऊ लागतात, हे या कामातला कोणीही सांगेल. अट घातल्यावर हीच खटपट राजकारणाचा मुख्य व्यवसाय बनते.

शिकलेल्यांचा आणि निवडकांचा मताधिकार कसा चालतो हे पाहायला परदेशी जाण्याचीही गरज नाही. आपल्या विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या आणि ७ शिक्षकांच्या मतदारसंघांतून भरल्या जातात. पदवीधरांची यादी दर निवडणुकीला नव्याने करावी लागते, म्हणजे मागील वेळचा मतदार आपोआप राहत नाही. परिणाम असा होतो की इच्छुक उमेदवारच वर्षभर आधीपासून अर्ज भरून घेतो, गठ्ठ्याने आणून देण्याची धडपड करतो, आणि ज्याची नोंदणी मोठी त्याची निम्मी निवडणूक तेथेच होते. मतदार उमेदवार निवडतो त्याआधी उमेदवार मतदार निवडून ठेवतो. मतमोजणीत बाद मतांचा गठ्ठा पाहण्यासारखा असतो. पसंतीक्रम अंकांत लिहायचा, आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्याच पेनने लिहायचा, एवढ्या दोन गोष्टी असतात. तरी कोणी टिकमार्क करतो, कोणी सही करतो, कोणी उमेदवाराला दोन ओळींचा संदेश लिहितो. हे मी पदवीधरांची थट्टा करण्यासाठी सांगत नाही. पदवी आणि मतदानातील विवेक यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही, एवढेच सांगायचे आहे.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघात तर मतदार काही शेच असतात आणि जवळपास सगळे निवडून आलेले, राजकारणात मुरलेले. मतदानाआधी त्यांना ‘सहलीला’ नेले जाते, आणि मतदानाच्या सकाळी बसमधून थेट केंद्रावर आणले जाते, हे वृत्तपत्र वाचणाऱ्याला नवीन नाही. राज्यसभेसाठी मतदार असतात आमदार, आपल्याकडे २८८. त्या मतदानात इतका घोडेबाजार होऊ लागला की २००३ मध्ये कायदा बदलून मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवण्याची तरतूद करावी लागली. मतदारसंख्या जितकी लहान, तितका एका मताचा भाव मोठा आणि मतदाराला हाताशी धरण्याचा खर्च आवाक्यातला. लाखो मतदारांनाही आमिषे दाखवली जातात, हे मी पाहिले आहे. परंतु पैसे घेतलेल्याने मत दिलेच असे सांगता येत नाही, आणि त्या अनिश्चिततेमुळे सत्ताधारी सावध राहतो.

आता अयूब खानांकडे येऊ, कारण त्यांनी हाच प्रयोग पूर्ण देशावर केला. ऑक्टोबर १९५८ च्या लष्करी कायद्यानंतर त्यांची भूमिका अशी होती की पाश्चात्य धर्तीची संसदीय लोकशाही आपल्या लोकांना मानवत नाही. म्हणून १९५९ मध्ये ‘मूलभूत लोकशाही’ची योजना आली. लोकांनी आपापल्या छोट्या प्रभागांतून एकूण ८०,००० सदस्य निवडायचे, निम्मे पूर्व आणि निम्मे पश्चिम पाकिस्तानातून, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष व कायदेमंडळ निवडायचे काम केवळ या ८०,००० जणांनी करायचे. फेब्रुवारी १९६० मध्ये त्यांच्यापुढे अयूबांवरील विश्वासाचा प्रश्न ठेवला गेला आणि ९५ टक्क्यांहून अधिक मते बाजूने पडली. जानेवारी १९६५ मध्ये पाकिस्तानचे संस्थापक जिना यांच्या भगिनी फातिमा जिना त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या, सभांना प्रचंड गर्दी झाली, कराची आणि ढाका या दोन मोठ्या शहरांत त्यांना अधिक मते पडली, तरीही ८०,००० च्या त्या मतदारवर्गात अयूब सुमारे ६३ टक्के मते घेऊन जिंकले.

यंत्रणेच्या नजरेने पाहिले तर यात आश्चर्य नाही. हे सदस्य गावपातळीवरच्या कामांचा निधीही हाताळत होते, आणि वरच्या स्तरावरील परिषदांवर जिल्ह्याचे अधिकारीच अध्यक्ष होते. ज्या मतदाराच्या कामाचे बिल तुमच्या सहीने निघते, तो तुमच्याविरुद्ध मत कसे देणार? अयूबांना निवडणूक जिंकता आली. माहिती मात्र मिळाली नाही. पूर्व पाकिस्तानातील असंतोष किती खोल गेला आहे, तेथील अवामी लीग या पक्षाचा स्वायत्ततेचा १९६६ चा सहा कलमी कार्यक्रम का पेटतो आहे, हे खुल्या मतदानाने त्यांना फुकटात कळले असते. ते १९६८ च्या उत्तरार्धात, सरकार ‘विकासाचे दशक’ साजरे करत असताना, रस्त्यावर कळले. मार्च १९६९ मध्ये त्यांनी सत्ता लष्करप्रमुख याह्या खानांकडे सोपवली. म्हणजे दहा वर्षांच्या स्थैर्यातून उत्तराधिकाराची एकही चालणारी पद्धत उरली नाही. स्वतःच केलेल्या संविधानाप्रमाणेसुद्धा सत्ता हस्तांतरित झाली नाही.

येथे आपण आक्षेप घ्याल, आणि तो रास्त आहे : डिसेंबर १९७० मध्ये पाकिस्तानात प्रथमच सार्वत्रिक प्रौढ मताधिकारावर राष्ट्रीय निवडणूक झाली आणि वर्षभरात देश फुटला, मग दोष कोणाचा? अवामी लीगने पूर्वेकडील १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जिंकल्या, ३०० च्या सभागृहात तिला स्पष्ट बहुमत होते, आणि पश्चिमेत तिची एकही जागा नव्हती. निकाल भयंकर विभागलेला होता, हे मान्य. परंतु मतदानाने ही फूट निर्माण केली नाही, ती दाखवली. तोपर्यंत पूर्व आणि पश्चिमेतील पक्षांना एकमेकांच्या प्रदेशात जाऊन मते मागण्याची, तडजोडीची, जागावाटपाची सवयच लागलेली नव्हती, कारण बारा वर्षे तशी गरज पडली नव्हती. आणि जेव्हा आकडे समोर आले, तेव्हा ज्यांची सत्ता जाणार होती त्यांनी ते मानले नाहीत. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात लष्कर रस्त्यावर उतरले, ते निकाल लागला म्हणून नव्हे, निकाल नको होता म्हणून.

दुसरे उदाहरण श्रीलंकेचे. ते मला अधिक बोधप्रद वाटते, कारण तेथे अट शिक्षणाची नव्हती, पैशाचीही नव्हती. त्या वेळच्या सिलोनमध्ये १९३१ पासूनच प्रौढ स्त्री-पुरुषांना मताधिकार होता, आशियात फार लवकर. मात्र मध्यवर्ती डोंगराळ भागातील चहामळ्यांवर पिढ्यानपिढ्या राबणाऱ्या भारतीय वंशाच्या तमिळ मजुरांवर तेव्हाही वास्तव्याच्या पुराव्याची जाचक बंधने होती. १९४७ च्या निवडणुकीत या मजुरांच्या सिलोन इंडियन काँग्रेसचे उमेदवार मळ्यांच्या भागांतून निवडून आले, आणि इतर अनेक जागी त्यांची मते डाव्या पक्षांकडे गेली. डी. एस. सेनानायके यांच्या सरकारने १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतील बहुसंख्यांचे नागरिकत्व आणि १९४९ च्या निवडणूक कायद्यातील दुरुस्तीने मताधिकार काढून घेतला. बाधितांची संख्या सात लाखांच्या आसपास होती.

यातील एक तांत्रिक बाब सहसा कोणी सांगत नाही, ती मी सांगतो, कारण मतदारसंघांच्या सीमा आखण्याच्या कामाशी माझा संबंध आला आहे. तेथे जागा ठरत होत्या लोकसंख्येवर आणि क्षेत्रफळावर. मळ्यातले मजूर यादीतून गेले, पण लोकसंख्येतून गेले नाहीत. म्हणजे त्या डोंगराळ जिल्ह्यांच्या जागा त्यांच्या माणसांमुळे टिकून राहिल्या आणि त्या जागांवर मत देणारे उरले फक्त शेजारचे सिंहली ग्रामस्थ. तेथील एका मताचे वजन वाढले, संसदेत तमिळांचा वाटा त्यांच्या संख्येपेक्षा कमी झाला, आणि दोन प्रमुख सिंहली पक्षांना तमिळ मतांवाचून बहुमत गाठणे सोपे झाले. पुढे १९५६ मध्ये ‘केवळ सिंहली’ राजभाषा, आणि नंतर दोन्ही पक्षांची एकमेकांपेक्षा कडवे दिसण्याची चढाओढ सुरू झाली, तिच्यामागे भावना जशा होत्या तसे हे अंकगणितही होते. उत्तरेकडील तमिळ नेतृत्वातही याच प्रश्नावर फूट पडली. मजुरांच्या बाजूने उभे राहिलेले चेल्वनायगम जुन्या पक्षातून बाहेर पडले आणि १९४९ च्या अखेरीस त्यांनी संघराज्याची मागणी करणारा पक्ष काढला. तेथून १९८३ च्या यादवीपर्यंतचा रस्ता सरळ नाही. वाटेत भाषा, जमीन, विद्यापीठप्रवेश असे अनेक प्रश्न आले, आणि सगळे खापर एका कायद्यावर फोडणे चुकीचे ठरेल. परंतु ज्या कायद्याने आपले बहुमत स्थिर होईल असे वाटले, त्याने देशाचे स्थैर्य वाढवले नाही, एवढे नक्की म्हणता येते.

आता ब्रिटन. तेथे १८३२, १८६७, १८८४, १९१८ आणि १९२८ अशा पायऱ्यांनी मताधिकार वाढत गेला आणि राज्य कोसळले नाही, हे खरे आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर स्त्रियांना संघराज्याच्या पातळीवर १९७१ पर्यंत मत नव्हते आणि तो देश अस्थिर नव्हता. म्हणून मर्यादित मताधिकार म्हणजे हमखास अस्थिरता असा नियम मी मांडणार नाही. परिस्थितीवर बरेच अवलंबून असते. ज्यांना अजून मिळालेले नाही आणि ज्यांच्याकडून काढून घेतले, या दोन समूहांची मनःस्थिती सारखी नसते. वगळलेले लोक सर्व कुटुंबांत विखुरलेले आहेत की एका प्रदेशात, एका भाषेत, एका जातीत एकवटलेले आहेत, यावरही पुष्कळ ठरते. स्विस स्त्रिया वेगळा प्रांत मागू शकत नव्हत्या. दार खरोखर हळूहळू उघडत आहे असे बाहेरच्यांना दिसत असेल, तर ते काही काळ थांबतातही. दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, १९६१ च्या संविधानाने उत्पन्न, मालमत्ता आणि शिक्षण यांच्या अटींवर ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन याद्या केल्या. कागदावर वर्णाचा उल्लेख नव्हता, पण ६५ पैकी ५० जागा ज्या यादीच्या ताब्यात होत्या ती जवळपास सगळी गोऱ्यांची होती. कृष्णवर्णीय बहुसंख्याकांनी त्या दाराकडे पाहिले आणि ते उघडणार नाही हे ओळखले. पुढे युद्ध झाले आणि १९८० मध्ये सर्वांचे मतदान.

विकसनशील देशांत आणखी एक फरक पडतो. ते देश स्वतंत्र झाले तेच मुळी सामान्य माणसाला मोर्चात, तुरुंगात आणि बहिष्कारात सामील करून. लढ्यात जो चालला तो मतदानाला अपात्र, हे त्याला पटवून देणे कोणत्याच सरकारला जमणारे नव्हते. डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे १९२८ मध्येच प्रौढ मताधिकार मागितला होता, आणि त्याच वर्षीच्या नेहरू अहवालातही ती शिफारस होती. १९३५ च्या कायद्याने सुमारे साडेतीन कोटी लोकांना, मुख्यतः मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या आधारे, मत दिले, आणि १९४६ च्या प्रांतिक निवडणुका त्याच मर्यादित, शिवाय धर्मनिहाय स्वतंत्र मतदारसंघांत विभागलेल्या यादीवर झाल्या. उपखंडाच्या इतिहासातील सर्वांत रक्तरंजित वर्षांपैकी एक त्यानंतर आले. फाळणीला मर्यादित मताधिकार कारणीभूत होता असे मी म्हणत नाही; निवडक मतदार म्हणजे संयमी राजकारण, हे समीकरण तेथे टिकत नाही, एवढेच म्हणतो.

उलट १९५१-५२ मध्ये सुमारे १७ कोटी ३० लाख नावांची यादी झाली, तेव्हा देशाची साक्षरता १८ टक्के होती. ती यादी निर्दोष नव्हती. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच ओळख दिल्यामुळे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या आयोगाला जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावे गाळावी लागली. चिन्हे छापून, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवून काम भागवले गेले. त्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून खुद्द आंबेडकर पराभूत झाले आणि त्यांनी पुढचे राजकारणही त्याच चौकटीत केले. गोव्याचेही पाहा. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. भाषा, धर्म आणि जात या तिन्ही बाजूंनी तापलेला तो प्रश्न होता. पण प्रत्येकाला मत होते, म्हणून हरलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने निकाल मानला आणि काही महिन्यांतच पुन्हा निवडणूक जिंकून गोव्याचे सरकार चालवले.

तेव्हा आपली मूळ चिंता, म्हणजे तात्पुरत्या लाटेवर निवडून आलेले सरकार तिजोरी आणि संस्था उधळून लावेल ही, मला खोटी वाटत नाही. तिच्यावरचे उपाय मात्र यादीत शोधू नयेत. सरकारला काय करता येणार नाही हे ठरवणारे न्यायालय, स्वतंत्र लेखापरीक्षण, सरकारच्या मर्जीवर नसलेला निवडणूक आयोग, ठरावीक मुदतीने आणि ठरलेल्या निकषावर होणारी मतदारसंघांची पुनर्रचना, असे उपाय माणसांना वगळत नाहीत, अधिकाराला वेसण घालतात. त्यांतले काही आपल्याकडेही लंगडत चालतात, ही वेगळी तक्रार आहे.

राहता राहिला ‘तात्पुरते बंधन’ हा आपला शेवटचा मुद्दा. यावर मी ब्राझीलकडे पाहण्यास सुचवीन. तेथे १८८१ च्या निवडणूक सुधारणेने साक्षरतेची अट आली आणि दहा लाखांच्या घरातली मतदारसंख्या लाख-दीड लाखावर उतरली. अपेक्षा अशी होती की शिक्षण वाढेल तसे लोक आपोआप यादीत येतील. परंतु निरक्षराच्या मताची गरजच नसलेल्या राज्यकर्त्यांना त्याच्या शाळेची घाई नव्हती. ही अट लागू असतानाच १८८९ मध्ये लष्कराने राजेशाही उलथवली, १९३० मध्ये बंड झाले, १९३७ मध्ये हुकूमशाही आली आणि १९६४ मध्ये पुन्हा लष्कर आले. या शेवटच्या उठावात पदच्युत झालेले अध्यक्ष गुलार यांच्या सुधारणांच्या यादीत निरक्षरांना मत देणे हेही एक कलम होते. अट उठली ती १९८५ मध्ये, लष्करी राजवट संपल्यावर.